एकोणीस चोक शहात्तर

बेंगळुरूला मी एक गाडी चालू ठेवून, तिचा चोक पूर्ण ओढलेला ठेवून, तिचं दार नीट लावून बिड्या आणायला गेलो. मी बिडी ओढत नाही. ज्या मेकॅनिकसाठी आणायला गेलो तोही ओढत नाही. परत आलो तेव्हा गल्लीत काळा धूर होता आणि त्या धुरात मेकॅनिक कमरेवर हात ठेवून माझी वाट बघत होता.

माझ्या मित्रमंडळींत ही हकिगत आता चार-पाच तऱ्हांनी सांगितली जाते. एकीत तर मी विडी कारखाना शोधत थेट सोलापूरला पोचतो. म्हणून खरी काय ती एकदा लिहून ठेवतो.

जाण्याआधी

मल्लेश्वरममध्ये माझ्या आईची मावसबहीण राहते. नात्याने माझी मावशी, पण तिच्या घरात, गल्लीत आणि भाजीबाजारात सगळेच तिला अक्का म्हणतात, म्हणून मीही अक्का म्हणतो. वय शहात्तर. तिचं घराणं तिकडे चार पिढ्यांपासून आहे. मराठी अस्सल, पण मधेमधे कन्नड शब्द असे येतात की ते कन्नड आहेत हे तिला सांगितलं तर ती आपल्यालाच वेड्यात काढते.

अक्काच्या यजमानांची एक गाडी होती. एकोणीसशे बहात्तर सालची, मोरपंखी रंगाची, डोळे वटारल्यासारखे दिवे असलेली. काका शाळेत गणित शिकवायचे आणि रोज सकाळी साडेसहाला ही गाडी काढून अक्काला कॉफी प्यायला न्यायचे. काकांना जाऊन दोन वर्षं झाली. गाडी शेजाऱ्यांच्या शेडमध्ये होती, आणि शेजाऱ्यांना संक्रांतीनंतर शेड परत हवं होतं.

अक्काचा फोन आला.

"दिगू, गाडी हवी का तुला?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं.

"थांब, स्वल्प ऐकून घे. निनादपण मागतोय. माझ्या नणंदेचा मुलगा, एचएसआर लेआउटला असतो. तो तिचं इंजिन काढून बॅटरीवर चालवणार. मी त्याला सांगितलं, दिगूला तीन सकाळ देते. थंड गाडी स्वतःच्या हाताने चालू करायची, मला कॉफीला न्यायचं आणि घरी आणायचं. मंजण्णा मेकॅनिक येऊन बघू दे, पण चालू तू करायचीस. जमलं तर तुझी. नाही तर त्याची."

"तीन कशाला? एक पुरे," मी म्हणालो.

हा आत्मविश्वास उगाच नव्हता. तशाच बनावटीची गाडी मी रत्नागिरीत अकरा वर्षं चालवली आहे. पण रत्नागिरीत थंडी नाही, घाम आहे. तिथलं इंजिन पहाटेसुद्धा कोमट असतं. किल्ली फिरवली की गाडी लागते. त्या अकरा वर्षांत चोकच्या मुठीचा मला एकच उपयोग ठाऊक होता. ती डॅशबोर्डच्या खाली, गुडघ्यापाशी, जराशी खाली झुकलेली असते. मासळीची पिशवी अडकवायला त्याहून सोयीची जागा गाडीत दुसरी नाही.

शिवाय आईचा गाडीत बसलेला एकच फोटो आमच्या घरात आहे, आणि तो या मोरपंखी गाडीतला आहे. खिडकीवर कोपर टेकवून ती अशी बसलीय, की जणू गाडी तिचीच आहे आणि फोटो काढणाऱ्याने जरा बाजूला व्हावं. त्या गाडीचं इंजिन कोणीतरी काढून ठेवणार, हे मला बघवलं नसतं. हे मी अक्काला सांगितलं नाही. आमच्याकडे असलं बोलत नाहीत.

बसच्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पुढच्या सीटवरच्या गृहस्थांचं डोकं रात्रभर माझ्या मांडीच्या वर अधांतरी होतं. मी स्वेटर नेला नव्हता.

पहिली सकाळ

सकाळी सहाला मल्लेश्वरममध्ये हवा अशी असते की रत्नागिरीचा माणूस तिला आजारपण समजेल. अक्काने मला काकांची कानटोपी दिली. शेडसमोर तिने संक्रांतीच्या आठवड्याची रांगोळी काढायला घेतली होती. तिकडे रांगोळी आपल्यासारखी सणापुरती नसते. रोज सकाळी फाटकासमोर सडा पडतो आणि ठिपके मांडले जातात. हे मांडताना त्या बायका कोणाशी बोलत नाहीत. अक्का बोलत होती.

"चोक ओढलास का?"

"ओढला."

"पॅडल मारतोयस कशाला मग?"

"पेट्रोल जायला नको का अक्का!"

मी पॅडल दहा-बारा वेळा दाबलं आणि सेल्फ मारला. इंजिन फिरलं, एकदा खोकलं आणि गप्प झालं. पुन्हा पॅडल, पुन्हा सेल्फ. पुन्हा खोकला. चार-पाच वेळा असं झाल्यावर खोकलाही थांबला आणि गाडीभर पेट्रोलचा असा वास सुटला की शेजारच्या बाईंनी खिडकी लावून घेतली. त्यानंतर सेल्फचा आवाज जड होत गेला, आणि शेवटी नुसता 'टिक' एवढाच उरला. बॅटरी संपली.

मी ठरवलं, ढकलून चालू करू. उतरलो, एका हाताने स्टिअरिंग धरलं, खांदा लावला. गाडी हलली. शेडला उतार आहे हे मला माहीत नव्हतं. गाडी शांतपणे बाहेर आली, रांगोळीच्या मधोमध थांबली आणि पुढे जाईना.

अक्काने हातातली रांगोळीची वाटी खाली ठेवली.

"झालं?" ती म्हणाली.

दिवसभर मी कार्ब्युरेटर साफ केला. माझं निदान असं होतं की आत कचरा आहे. टूथब्रश, पेट्रोलची वाटी, अक्काची चहाची गाळणी, सगळं वापरलं. एक पितळी जेट, तांदळाएवढं, हातातून निसटलं आणि उरलेल्या रांगोळीत पडलं. ते शोधायला दोन तास लागले. रांगोळी आणि गेरू चाळून ते अक्कानेच शोधलं, चष्मा न लावता. कार्ब्युरेटर इतका चकचकीत झाला की त्यात मला माझी कानटोपी दिसत होती. कचरा मात्र निघाला नाही. नव्हताच.

एक गोष्ट तिथे मला नवीन कळली. थंड इंजिन दिवसातून एकदाच मिळतं. सकाळी एकदा ते गरम केलंत, अगदी चुकीच्या पद्धतीने का होईना, की परीक्षा संपली. मग उद्या सकाळपर्यंत थांबायचं. दहावीला मी ऑक्टोबरपर्यंत थांबलो होतो, पण ही एक रात्र त्याहून लांब वाटली.

संध्याकाळी अक्का मला जवळच्या एका उपाहारगृहात घेऊन गेली. तिने 'चौचौ भात' मागवला. भात नव्हता. एका ताटलीत शेजारीशेजारी उपमा आणि शिरा होता, दोन्हींचे वाटीने पाडलेले डोंगर. आमच्याकडे हे दोन पदार्थ एकमेकांना पाहायलाही मिळत नाहीत, एकाच ताटलीत तर नाहीच. मग अक्काने दोन बोटं वर करून 'बाय-टू' म्हटलं, आणि एका कॉफीच्या दोन अर्ध्या कॉफ्या आल्या.

"अर्धीच का?" मी विचारलं.

"गाडी चालू झाली की पूर्ण," अक्का म्हणाली.

दुसरी सकाळ

मंजण्णा बारीक, पांढऱ्या मिशांचा, गळ्यात तुळशीची माळ घातलेला माणूस. काकांच्या गाडीला तीस वर्षं त्याच्याशिवाय कोणी हात लावला नव्हता. माझा लखलखीत कार्ब्युरेटर पाहून त्याने अक्काला कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. अक्का म्हणाली, "विचारतोय, याला नैवेद्य दाखवायचाय का?"

माझ्याशी तो तिकडच्या हिंदीत बोलला. "सार्, क्या होता?"

मी तपशीलवार सांगितलं. खोकला, वास, कचरा, जेट.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग कार्ब्युरेटरच्या वरचं गोल झाकण काढलं आणि मला गाडीत बसायला सांगितलं. "चोक खींचो सार्."

मी मूठ ओढली. तो आत बघत होता.

"पूरा खींचो."

"पूरा ही है."

"इधर आके देखो."

मी उतरून बघितलं. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी एक पितळी झडप असते. मूठ ओढली की ती बंद व्हायला हवी, म्हणजे हवा कमी जाते, पेट्रोल जास्त जातं आणि थंड इंजिन धरतं. चोक म्हणजे एवढंच. आमची झडप मूठ पूर्ण ओढूनही अर्धीच बंद होत होती. केबल तिच्या स्क्रूमधून सरकली होती. मी आदल्या दिवशी नऊ तास त्या झडपेच्या आतबाहेर टूथब्रश फिरवला होता. ती हलते का, हे बघायचं मला सुचलं नव्हतं.

मंजण्णाने केबल ओढून घेतली, स्क्रू आवळला, केबलमध्ये चार थेंब तेल सोडलं. मूठ आता लोण्यातून सुरी जावी तशी यायला लागली. चार्ज केलेली बॅटरी लावली.

"अब पॅडल नको सार्. पैर नीचे रखो. चोक पूरा. सेल्फ मारो."

मी पाय जमिनीवर ठेवला. चोक पूर्ण ओढला. सेल्फ मारला. गाडी लागली.

पहिल्या झटक्यात. मला इतका आनंद झाला की मी हॉर्न वाजवला. मंजण्णा बॉनेटखाली डोकं घालून होता, एका हातात पकड, दुसऱ्या हातात केबल. इंजिनाचा आवाज चढत गेला, आणि त्या आवाजातून तो ओरडला,

"बिडि! बिडि सार्, बिडि!"

मला वाटलं, स्वाभाविक आहे. माणसाने काम केलंय, आता झुरका हवा. आमच्याकडचा विजेचा लाइनमन असाच, काम झालं की आधी बिडी, मग बोलणं. मी उतरलो. गाडीचं दार नीट लावून घेतलं. ते दार बाहेरून उघडत नाही, आतूनच उघडतं, हे मला नंतर कळलं.

"बिडि!" मागून तो पुन्हा ओरडला.

"आणतो, आणतो!" मीही ओरडलो.

कोपऱ्यावर एक चिल्लर सामानाचं दुकान होतं. दुकानदार दोन्ही हातांनी बिस्किटांची काचेची बरणी वरच्या फळीवर चढवत होता. मी धापा टाकत म्हणालो, "बिडी!"

त्याने बरणी सोडली.

बरणी काउंटरवरच्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर पडली म्हणून वाचली. तो माझ्याकडे बघत राहिला. मी दोन बोटं ओठांशी नेऊन धूर सोडून दाखवला.

"ओ," तो म्हणाला, "बीडी!"

त्याची 'बी' चांगली लांब होती. त्या लांब 'बी'त सगळा उलगडा होता, पण माझं लक्ष नव्हतं. मी एक बंडल आणि एक काडेपेटी घेतली.

परत आलो तेव्हाचं वर्णन सुरुवातीला केलंच आहे. चोक तसाच ओढलेला राहिल्यामुळे इंजिन पेट्रोल पीत गेलं, काळा धूर ओकत गेलं, आणि प्लग भिजून बंद पडलं. मंजण्णाने हातातलं टाकून दाराकडे धाव घेतली होती, पण दार मी नीट लावलं होतं, आणि पलीकडच्या दाराने तो आत शिरेपर्यंत उशीर झाला होता. मी त्याला बिड्यांचं बंडल दिलं. पेट्रोलने न्हालेल्या गाडीशेजारी उभं राहून काडेपेटीही दिली.

मंजण्णाने बंडल पाहिलं. गळ्यातल्या माळेला हात लावला. मग अक्काकडे पाहिलं.

अक्का पायरीवर बसली. मला वाटलं तिला चक्कर आली. ती हसत होती. आवाज येत नव्हता, नुसते खांदे हलत होते.

"अरे दिगू," ती बऱ्याच वेळाने म्हणाली, "बिडि म्हणजे सोड रे! सोडा! चोक सोडा म्हणत होता तो!"

"मग तोंडात धरायची ती?"

"ती बीडी!"

म्हणजे मराठीतली बिडी उच्चाराने कन्नडमधली 'सोडा' होते. त्या दुकानदाराला मी धापा टाकत 'सोडा!' म्हणालो होतो, आणि त्या बिचाऱ्याने सोडलं होतं. बेंगळुरूत माझं ऐकणारा तो एकटाच माणूस भेटला.

"अब फिर चालू करें?" मी मंजण्णाला विचारलं.

"अब गरम है सार्. अब तो बच्चा भी चालू करेगा." त्याने पिशवी उचलली. "कल मैं गाँव जाता, संक्रांती. आप करो." जाताना त्याने बिड्या डॅशबोर्डवर ठेवल्या. "ये आप के पास रखो. याद रहेगा."

एचएसआर लेआउट

दुपारी मी शत्रूला भेटायला गेलो. मेट्रो आणि मग रिक्षा. रिक्षावाल्याशी मी भाड्यावरून हुज्जत घालायला लागलो तर तो शांतपणे म्हणाला, "होगली बिडि सार्." जाऊ दे सोडा, एवढाच त्याचा अर्थ. त्या दिवशी सगळं शहर मला तो शब्द ऐकवत होतं.

निनाद तिशीचा, मऊ आवाजाचा मुलगा निघाला. शत्रू म्हणून अगदीच निरुपयोगी. त्याने मला ओट्सची इडली दिली आणि लॅपटॉपवर गाडीचं चित्र दाखवलं. रंग मोरपंखीच ठेवला होता.

"बेसिकली काका, बॉडी टच नाही करणार. फक्त मोटर आणि बॅटरी. सकाळी बटन दाबलं की झालं. चोकबिक काही टेन्शन नाही."

कालच्या आणि आजच्या सकाळनंतर हे मला इतकं पटलं की मी विषय बदलला.

"आणि इंजिन?"

त्याचा चेहरा उजळला. "ते फेकणार नाही हां! अक्काची मेमरी आहे ती. त्याचं मी कॉफी टेबल करणार. वर काच."

मी त्याच्या दिवाणखान्यात ती जागा बघून आलो. टीव्हीसमोर. आईच्या फोटोतल्या गाडीच्या इंजिनावर लोक ओट्सची इडली ठेवणार होते. परतीच्या रिक्षात मी हुज्जत घातली नाही.

संध्याकाळी अक्का संक्रांतीचं एळ्ळु-बेल्ल करत बसली होती. आपण तिळाचे लाडू वळतो. ते लोक तीळ, गुळाचे खडे, खोबऱ्याचे काप, शेंगदाणे आणि डाळं सुटंसुटं कालवतात आणि मूठभर हातावर घालतात. मी खोबरं कापत होतो. पातळ जमत नव्हतं.

"अक्का, चालू झाल्यावर चोक नेमका कधी सोडायचा? काका घड्याळ बघायचे का?"

"घड्याळ कशाला? पाढा म्हणायचे. दिवसभर शाळेत कन्नडमधून गणित, पण पाढे मराठीतच."

"कितीचा?"

"एकोणिसाचा. बेचा पटकन संपतो. गाडी लागली की सुरू. एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे अडतीस, एकोणीस त्रिक सत्तावन्न, एकोणीस चोक शहात्तर. पाढ्यात चोक आला की चोक अर्धा आत. दाहे आला की पूर्ण आत."

मी सुरी खाली ठेवली. माणूस गणिताचा मास्तर असावा तर असा.

"येतो ना तुला?" अक्काने विचारलं.

"न यायला काय झालं!"

मला पंधरापर्यंत येतात. चौदाचासुद्धा जरा ढकलावा लागतो.

संक्रांत

साडेसहाला गल्लीत सगळीकडे ऊस आणि रांगोळ्या. निनाद स्कूटरवरून आला, फाटकापाशी उभा राहिला. अक्का नवी साडी नेसून माझ्या शेजारी बसली. कापडी पिशवी मांडीवर, बाजारातही जायचं होतं. डॅशबोर्डवर बिड्या.

पाय जमिनीवर. चोक पूर्ण. सेल्फ.

गाडी लागली.

"एकोणीस एके एकोणीस," मी म्हणालो. "एकोणीस दुणे अडतीस. एकोणीस त्रिक सत्तावन्न. एकोणीस चोक..."

इंजिन घरघरत चढत होतं. मागे धूर करडा झाला. मी रात्री अंथरुणात हा पाढा चाळीस वेळा म्हटला होता.

"एकोणीस चोक... एकोणीस चोक..."

"शहात्तर!" अक्का ओरडली. "बिडि!"

मी चोक अर्धा आत सोडला. इंजिन खाली आलं, गुरगुरलं, स्थिर झालं. पुढचा पाढा अक्कानेच म्हटला, समोर बघत, सावकाश, शाळेतल्या वर्गाला सांगावा तसा. एकशे नव्वदला मी मूठ पूर्ण आत ढकलली. अक्काने खिडकीची काच खाली घेतली आणि कोपर बाहेर टेकवलं. मी तिकडे बघायचं टाळलं. मावसबहिणी एकमेकींसारख्या दिसतात.

कॉफी झाली. पूर्ण. मग बाजार. अक्काने दोन किलो अवरेकाई घेतली. आपल्या पावट्याचीच बहीण, पण तिकडे जानेवारीत तिच्यासाठी माणसं वेडी होतात. त्यावर एक भोपळा, उसाची दोन पेरं. पिशवी मी तिच्या हातातून घेतली. "मी ठेवतो." गरम गाडी किल्ली फिरवताच लागली. घर तीन वळणांवर होतं. गाडी माझी झाली होती, आणि मी अक्काला सांगत होतो की रत्नागिरीला ट्रकवरून न नेता घाटातून स्वतः चालवत नेणार.

दुसऱ्या वळणावर सिग्नल होता. तिथे इंजिन जड झालं. मागे काळा धूर. एक आचका, दुसरा आचका, बंद.

मागचा रिक्षावाला धुरातून डोकं बाहेर काढून ओरडला, "चोक बिडि, सार्!"

आता मला कन्नड येत होतं. मी खिडकीतून बाहेर वाकून ठणकावून सांगितलं, "बिट्टिद्दीनी! सोडलाय! कधीच सोडलाय!"

"चोक बिडि!"

"अहो सोडलाय म्हणतो ना!"

अक्काने माझ्या गुडघ्याकडे बघितलं. मीही बघितलं.

अकरा वर्षांची सवय. चोकच्या मुठीवर कापडी पिशवी लटकत होती. अवरेकाई, भोपळा आणि ऊस यांनी मिळून मंजण्णाने तेल घातलेली केबल हळूहळू, एकही पाढा न म्हणता, पूर्ण बाहेर ओढली होती.

"उतर," अक्का म्हणाली.

मी उतरलो. ती सरकून माझ्या जागेवर बसली. पिशवी काढून माझ्या हातात दिली, चोक आत ढकलला, पॅडल पायाने तळापर्यंत दाबून धरलं आणि सेल्फ मारला. इंजिन चार-पाच वेळा खोकलं, सगळं पेट्रोल ओकलं आणि धडधडायला लागलं. तिला गाडी चालवता येत नाही. चालू करता येते. काकांना बेचाळीस वर्षं हे माहीत होतं का, ते मी विचारलं नाही. ती परत आपल्या जागेवर सरकली, आणि मी पिशवी मांडीवर घेऊन गाडी घरी आणली.

फाटकाशी निनाद उभा होता. धूर त्याला तिथूनही दिसला होता.

"काका, टेक्निकली..." तो मऊ आवाजात म्हणाला.

"टेक्निकली बंद पडली," मी म्हणालो. खोटं बोलून उपयोग नव्हता, माझ्या मांडीवर भोपळा होता.

अक्का घरात गेली आणि एळ्ळु-बेल्लाचं ताट घेऊन बाहेर आली. तिकडेही हा गोड बोलायचा सण आहे. तिने निनादच्या हातावर मूठभर घातलं. माझ्या हातावर मूठभर घातलं. त्यावर गाडीची किल्ली ठेवली.

मला काही कळेना. निनादलाही कळलं नसावं. "पण अक्का, त्यांना जमलं कुठे?" त्याने विचारलं.

"नाहीच जमलं. तीन सकाळ दिल्या, तिन्ही घालवल्या. पण तू तिचं टेबल करणार, हा नुसती बंद पाडतो." मग ती माझ्याकडे वळली. "गाडी तू ने. तुमच्या रत्नागिरीत थंडी नाही ना? मग तिथे चोक लागायचा नाही. तिथे ती तुझ्यासारख्याकडूनसुद्धा चालू होईल."